ऊब आपली, धूर शेजाऱ्यांचा

नवं घर बांधणाऱ्याचा प्रश्न साधारण असा असतो. खाली एकच मोठी खोली आहे. ओटा, जेवणाचं टेबल, सोफा सगळं एकत्र, मध्ये भिंत नाही. हिवाळ्यात ती गरम ठेवायला लाकडाचा कोणता स्टोव्ह घ्यावा? पाच किलोवॉटचा पुरेल की आठचा लागेल? बिडाचा घ्यावा की पोलादी? भिंतीला लागून ठेवावा की मधोमध? ब्रिटनमध्ये, आयर्लंडमध्ये, जर्मनीत नोकरीला जाऊन तिथेच घर करणाऱ्या आपल्यातल्या कुणालाही हा प्रश्न पडू शकतो. मग मॉडेल, किंमत आणि काचेच्या दाराचा आकार यांवर चर्चा रंगते.

माझं उत्तर छोटं आहे : कोणताही घेऊ नका. ज्या घराला शेजार आहे, भरवशाची वीज आहे आणि जे आज नव्याने बांधलं जातंय, त्या घरात लाकडाच्या स्टोव्हला जागा नाही.

आधी एक खुलासा. स्टोव्ह म्हटलं की आपल्याकडच्या थोरल्यांना पितळी टाकीचा, पंप मारायचा, पिनेने साफ करायचा रॉकेलचा स्टोव्ह आठवतो. हा तो नव्हे. ही एक लोखंडी बंद पेटी असते. पुढे काचेचं दार, आत लाकडाच्या ढलप्या, वरून छपराबाहेर गेलेलं धुराडं. तुम्ही ती रील्समध्ये शंभरदा पाहिली असेल : बाहेर बर्फ, आत ज्वाळा, लोकरीचे मोजे, कॉफीचा मग आणि हटकून एक मांजर. या दृश्यात धुराडं कधीच दिसत नाही, कारण कॅमेरा घरात असतो.

आता हिशोब करू. घराला किती उष्णता लागेल हे खोली केवढी यापेक्षा घर किती गळतं यावर ठरतं. जुन्या, फटी असलेल्या, एकेरी काचेच्या घरातून ऊब चाळणीतल्या पाण्यासारखी जाते. नवं घर तसं नसतं. जर्मनीत रुजलेल्या पॅसिव्हहाउस या मानकात ऐन थंडीतसुद्धा दर चौरस मीटरला साधारण १० वॉट उष्णता पुरावी अशी अपेक्षा असते. म्हणजे १२० चौरस मीटरच्या घराला सगळे मिळून १,२०० वॉट. आपल्याकडे बादलीत टाकायचा हीटर रॉड असतो, साधारण तेवढेच. तुमचं घर या कडक मानकाचं नसेल, तिप्पट गळत असेल, असं धरू. तरी वर्षातल्या सगळ्यात गारठ्याच्या दिवशी अख्ख्या घराला साडेतीन किलोवॉटच्या आसपास लागतील.

आणि दुकानात सर्रास मिळणारा स्टोव्ह आहे पाच किलोवॉटचा. तो ही सगळी उष्णता एकाच खोलीत ओततो. 'ओपन-प्लॅन आहे, मोठाच घ्या' या सल्ल्याला बळी पडून आठचा घेतलात, तर तासाभरात तुम्ही खिडकी उघडाल. महागड्या काचा, महागडं इन्सुलेशन, आणि जानेवारीत खिडकी उघडी.

मोठी मोकळी खोली सारखी तापते हाही समज खोटा आहे. गरम हवा वर जाते. छत दुमजली उंचीचं असेल, आणि अशा घरांत ते हौसेने तसं केलेलं असतं, तर ती थेट छताला जाऊन बसते. स्टोव्हसमोरच्या सोफ्यावर घाम, ओट्यापाशी गारवा, आणि दार लावलेल्या झोपायच्या खोल्या थंडच. म्हणजे बाकी घरासाठी दुसरी हीटिंग यंत्रणा बसवावी लागतेच. तशी यंत्रणा असेल, तर ती ही खोलीही तापवू शकते. मग स्टोव्ह उरला कशाला?

तो गरजेपेक्षा मोठा असल्यामुळे आणखी एक गोष्ट घडते. उकडायला लागलं की माणूस हवेची झडप बंद करतो. आग विझत नाही, धुमसते. ज्वाळा कमी झाली की लाकडातून निघणारे वायू पुरते जळत नाहीत; ते काजळी आणि डांबर होऊन धुराड्यातून बाहेर पडतात. चुलीपुढे आयुष्य काढलेल्या कुठल्याही बाईला हे शाळेत न जाता ठाऊक असतं : जाळ चांगला तर धूर कमी, जाळ दाबला तर डोळ्यांत पाणी. ओपन-प्लॅन घरासाठी मोठा स्टोव्ह घेणारा माणूस पैसे देऊन धुमसणारी चूल विकत घेतो.

हवेचाही प्रश्न आहे. नवं घर मुद्दाम हवाबंद करतात, ऊब गळू नये म्हणून. आगीला तर हवा हवी. इंग्लंडच्या बांधकाम नियमांत जुन्या, गळक्या घरांना पाच किलोवॉटपर्यंतच्या स्टोव्हसाठी सूट आहे; हवाबंद नव्या घराला ती नाही, तिथे कायमची उघडी झरोक्याची जागा ठेवावी लागते. आधी पैसे मोजून घर बंद करायचं आणि मग पैसे मोजून भोक पाडायचं. शिवाय ओपन-प्लॅनमध्ये ओटा त्याच खोलीत. ओट्यावरची चिमणी, म्हणजे आपल्याकडच्या जाहिरातींतली 'किचन चिमणी', चालू केली की ती खोलीतली हवा ओढते आणि स्टोव्हचा धूर, त्याबरोबर कार्बन मोनॉक्साइड, उलटा घरात येऊ शकतो. जर्मनीत म्हणूनच अशा खोलीत दोन्ही एकत्र चालू राहू नयेत, यासाठी सुरक्षा यंत्रणा लावावी लागते. बाहेरून थेट नळीने हवा घेणारे स्टोव्ह मिळतात, त्यांनी हा प्रश्न बराचसा सुटतो. धुराचा प्रश्न मात्र सुटत नाही. खरं भांडण तिथेच आहे.

धुरातला त्रासदायक भाग डोळ्यांना दिसतो तो नव्हे. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण, केसाच्या जाडीच्या साधारण तिसाव्या भागाएवढे. ते फुप्फुसांत खोलवर जातात आणि त्यांतले अतिसूक्ष्म कण तिथून रक्तात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये यांची वार्षिक मर्यादा घनमीटरमागे ५ मायक्रोग्रॅमवर आणली. (भारताची मर्यादा ४० आहे, त्यावर वेगळा लेख होईल.) घरात लाकूड जाळण्याने होणारा धूर कर्करोगाला बहुधा कारणीभूत ठरतो, अशा वर्गात याच संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने टाकलेला आहे.

यावर विक्रेत्याचं उत्तर तयार असतं : 'आमचा स्टोव्ह इकोडिझाइन आहे.' १ जानेवारी २०२२ पासून युरोपात आणि ब्रिटनमध्ये नवे स्टोव्ह या मानकाचेच विकावे लागतात, आणि जुन्यांपेक्षा ते खरोखर बरे आहेत. पण कशापेक्षा बरे, हे विचारायला हवं. इंग्लंडच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी आपला २०२२ चा वार्षिक अहवाल हवेच्या प्रदूषणावर काढला. त्यातल्या तुलनेनुसार तेवढीच उष्णता मिळवताना इकोडिझाइन स्टोव्ह गॅसच्या हीटिंगपेक्षा साडेचारशे पट सूक्ष्म कण सोडतो. साडेचारशे टक्के नव्हे, साडेचारशे पट. आणि हा बाजारातला चांगला स्टोव्ह.

आपल्याला ही गोष्ट नवी वाटू नये. आपल्याकडे हिचं नाव होतं 'निर्धूर चूल'. १९८० च्या दशकात केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला, घराघरांत चुली बसवल्या, वर धुराडी लावली आणि २००२ च्या सुमारास तो गुंडाळला. पुढे ओडिशात अर्थशास्त्रज्ञांनी अशाच सुधारित चुलींचा काही वर्षं माग काढला, तेव्हा दिसलं की पहिल्या वर्षी धूर कमी होतो, नंतर फरक मावळतो. चूल प्रयोगशाळेत चांगली होती. घरात तिला भेगा पडल्या, धुराडं तुंबलं, बायकांनी आपल्या सोयीने ती वापरली. इकोडिझाइनचा शिक्काही प्रयोगशाळेतच मिळतो : मोजून कोरडं केलेलं लाकूड, तज्ज्ञ हात, ठरावीक जाळ. घरी मात्र ढलपी ओली असते, झडप दाबलेली असते आणि दार मध्येच उघडलं जातं. शेफील्डमधल्या १९ घरांत संशोधकांनी मोजमाप केलं, तेव्हा दार उघडून लाकूड घालतानाच खोलीतल्या कणांचे आकडे उसळी मारत होते. हे साधे चुकार स्टोव्ह नव्हते, सरकारमान्य होते.

आता मुद्द्याच्या गाभ्याकडे. १ मे २०१६ ला बलियामध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली. आठ कोटींवी जोडणी सप्टेंबर २०१९ मध्ये औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, दिली गेली. त्या सगळ्या काळात चुलीविषयी आपण कसं बोलत होतो ते आठवा. चूल म्हणजे मागासलेपण, खोकला, काळवंडलेली भिंत, फुंकणीने फुंकून लाल झालेले डोळे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये घरातल्या धुराने जगात ३२ लाख माणसं अकाली गेली, म्हणून हे बोलणं खोटंही नव्हतं. ज्या बाईला सिलिंडर भरायला परवडत नाही आणि जी पुन्हा सरपण गोळा करते, तिला आपण 'मानसिकता बदला' म्हणून सांगतो. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. पिढ्यान्‌पिढ्या लाकडाच्या भट्टीत पाव भाजणाऱ्यांनी भट्टी बदलायची, कारण शहराची हवा सगळ्यांची आहे. तत्त्व बरोबरच आहे.

मग तेच लाकूड लंडनच्या उपनगरातल्या, गॅस किंवा हीट पंप आधीच असलेल्या घरात केवळ संध्याकाळ छान जावी म्हणून जळतं, तेव्हा शब्द का बदलतात? तिथे ते 'नैसर्गिक', 'आत्म्याला ऊब देणारं', 'साधं जगणं'. गावातल्या बाईचं सरपण म्हणजे समस्या, आणि कापून, वाळवून, जाळीच्या पिशवीत भरून विकलेलं सरपण म्हणजे लाइफस्टाइल. रसायनशास्त्राला हा फरक कळत नाही.

दोन्हींचा धूर सारखा आहे असं मी म्हणत नाही. चुलीपुढची बाई हातभर अंतरावरून, रोज, काही तास धूर घेते. स्टोव्हवाल्याच्या घरात धुराडं तो बहुतांशी बाहेर नेतं. पण धुराडं धूर खात नाही, तो फक्त दुसऱ्याला देतं. चूल पेटवणारी बाई निदान आपलाच धूर पिते. स्टोव्हवाला तो शेजाऱ्यांत वाटतो. आणि वाटतो तो नेमका नको त्या वेळी. थंड, वारा नसलेल्या रात्री जमिनीलगतची गार हवा वरच्या उबदार हवेखाली अडकते, धूर वर जात नाही, गल्लीतच पसरतो. स्टोव्ह पेटवावासा वाटतो तो अशाच रात्री. शेजारच्या घरातल्या दम्याच्या पोराने खिडकी लावून घ्यायची, कारण तुम्हाला ज्वाळा बघायच्या आहेत.

ब्रिटनला हा धडा एकदा मिळालेला आहे. डिसेंबर १९५२ मध्ये पाच दिवस लंडन धुक्यात आणि धुरात बुडालं. सुरुवातीचा अंदाज चार हजार मृत्यूंचा होता, पुढच्या अभ्यासांनी तो बारा हजारांपर्यंत नेला. त्या धुरात कारखाने होते, वीजकेंद्रं होती आणि घरोघरच्या कोळशाच्या शेकोट्याही होत्या. १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा आला आणि पहिल्यांदाच सरकार माणसाच्या दिवाणखान्यातल्या आगीपर्यंत पोचलं. घरची शेकोटी ही खासगी बाब नाही, हे तेव्हा ठरलं. आज मात्र त्या कायद्यातून आलेल्या धूरबंदीच्या भागांत मान्यताप्राप्त स्टोव्ह खुशाल पेटवता येतो.

आता प्रतिवाद घेऊ.

'लाकूड कार्बन-न्यूट्रल आहे.' धुराड्यातून बाहेर पडताना नाही. तेवढ्याच उष्णतेसाठी लाकूड गॅसच्या जवळजवळ दुप्पट कार्बन डायऑक्साइड सोडतं. तो परत शोषला जातो, पण तोडलेल्या जागी नवं झाड वाढेल तेव्हा, म्हणजे काही दशकांनी. आणि हवामानाचा हिशोब अगदी बरोबर जुळला, तरी शेजाऱ्याच्या फुप्फुसातला कण कमी होत नाही. हे दोन वेगळे हिशोब आहेत, एकाची पावती दुसरीकडे चालत नाही.

'माझ्याकडे लाकूड फुकट आहे.' वाळलेल्या लाकडातून किलोमागे साधारण चार युनिट उष्णता मिळते. पाच किलोवॉटचा स्टोव्ह तासाला दीड किलोच्या आसपास लाकूड खातो, पाच तासांच्या संध्याकाळी आठ किलो. ते एकदोन वर्षं छपराखाली रचून २० टक्क्यांच्या खाली वाळवायचं, फोडायचं, वाहायचं, राख काढायची, धुराडं साफ करून घ्यायचं. ओलं लाकूड जाळलं तर आगीचा काही भाग पाणी उकळण्यातच जातो. म्हणूनच इंग्लंडने मे २०२१ पासून ओल्या लाकडाची किरकोळ विक्री बंद केली. फुकट काहीच नाही. फक्त बिल पोस्टाने येत नाही.

'वीज गेली तर?' हा सगळ्यात दमदार मुद्दा आहे. स्कॉटलंडमध्ये एप्रिल २०२४ पासून नव्या घरांत थेट धूर-वायू सोडणाऱ्या हीटिंगला मनाई झाली. तीत गॅस बॉयलर होता, तसा लाकडाचा स्टोव्हही. हायलँड्स आणि बेटांवरून विरोध झाला, आणि तो पोकळ नव्हता : नोव्हेंबर २०२१ च्या आर्वेन वादळात स्कॉटलंडमधल्या कित्येक घरांना अनेक दिवस वीज नव्हती. वर्ष संपता संपता सरकारने स्टोव्हपुरती माघार घेतली. डोंगरात एकट्या घरात राहणाऱ्या, हिवाळ्यात रस्ता बंद होणाऱ्या माणसाने स्टोव्ह ठेवावा, माझा काडीचा आक्षेप नाही. त्याचा शेजारी दोन मैलांवर आहे. आक्षेप त्यांना आहे, जे एडिनबराच्या नाहीतर लंडनच्या रांगेतल्या घरात बसून त्या डोंगरातल्या माणसाचं गाऱ्हाणं वापरतात. त्यांची वीज वर्षातून एखादा तास जाते आणि स्टोव्ह आठवड्यातून चार दिवस पेटतो.

'पण आग सुंदर असते.' असते. नॉर्वेच्या सरकारी वाहिनीने फेब्रुवारी २०१३ मध्ये सरपणावर बारा तासांचा कार्यक्रम दाखवला. त्यातले आठ तास पडद्यावर फक्त आग जळत होती. लोकांनी ती पाहिलीसुद्धा. मजा अशी की लाकडावर एवढं प्रेम असलेला हाच नॉर्वे युरोपात लोकसंख्येच्या मानाने सर्वाधिक हीट पंप असलेल्या देशांत मोडतो. तिथेही लाकूड जळतं, पण घर तापवायचं काम मुख्यतः विजेवर होतं. आगीचं आकर्षण मला कळतं. होळीला, हुर्ड्याला, अंगणातल्या शेकोटीला आपणही जमतोच. मात्र वर्षातून एकदा सगळ्या गल्लीने मिळून पेटवलेली होळी आणि रोज रात्री एका घराने सगळ्या गल्लीवर सोडलेला धूर यांत फरक आहे. पहिल्यात गल्लीने होकार दिलेला असतो.

मग करायचं काय? स्टोव्ह, धुराडं आणि बसवण्याची मजुरी मिळून काही हजार पौंड लागतात. ते पैसे आधी भिंती, छप्पर आणि काचा यांत घाला. उरलेली गरज हीट पंपाने भागवा. हीट पंप म्हणजे उलटा चालणारा एसी : एक युनिट वीज घेऊन बाहेरच्या हवेतली ऊब आत ओढतो आणि साधारण तीन युनिट उष्णता देतो. वर काढलेल्या १,२०० वॉटच्या घराला ऐन थंडीत ४०० वॉट वीज, म्हणजे छताचे पाच पंखे. जमिनीखालून गरम पाण्याच्या नळ्या फिरवल्या तर तीच मोकळी खोली कोपऱ्याकोपऱ्यात सारखी ऊब धरते, जे कुठल्याच स्टोव्हला जमत नाही. ब्रिटनमध्ये वीज गॅसच्या कित्येक पट महाग आहे ही तक्रार रास्त आहे. तिच्यासाठी खासदाराला पत्र लिहावं, आंदोलन करावं. वीज महाग म्हणून शेजाऱ्याला धूर देणं हा उपाय नव्हे.

आणि घर खरंच एकाकी असेल, वीज खरंच बेभरवशाची असेल, तर घ्या. पण मिळेल तेवढा लहान घ्या, बाहेरून हवा घेणारा घ्या, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा, लाकूड मोजून वाळवा, जाळ कधी दाबू नका, आणि वीज आली की तो विझू द्या.

बाकीच्यांनी दुकानात जाण्याआधी एक करावं. घरचा नकाशा बाजूला ठेवून गल्लीचा नकाशा काढावा. आपलं धुराडं कुठे येईल तिथे खूण करावी, आणि तिथून जवळची झोपायची खिडकी कुणाची आहे, तिच्यामागे कोण झोपतं, हे बघावं. शक्य असेल तर त्यांच्या दारावर टकटक करून विचारावं : रोज संध्याकाळी आमचा धूर तुमच्याकडे आला तर चालेल का? चुलीवाल्या बाईला आपण इतकी वर्षं बिनदिक्कत प्रश्न विचारत आलोय. हा एक स्वतःसाठी विचारायला हरकत नसावी.